कसा आहे पिक्चर?

नाशिक रोडच्या सुहासिनी टॉकीजला बायकांसाठी तिकिटाची वेगळी खिडकी होती. पुरुषांच्या खिडक्या रस्त्याकडे आणि लेडीज खिडकी बाजूच्या बोळात. खिडकी म्हणजे भिंतीतलं अर्धगोल भोक, त्याला जाळी आणि जाळीखाली हात जाईल एवढी फट. आत कोण बसलंय ते बाहेरून नीट दिसायचं नाही. आवाज तेवढा ऐकू यायचा.

१९९३ साली त्या खिडकीत दीपमाला साळवे बसू लागली. वय वीसच्या आसपास. बारावी झालेली, टायपिंगच्या एका परीक्षेत पास आणि दुसरीत नापास. वडील पुंजाराम साळवे नोटांच्या प्रेसमध्ये कामगार होते, आई भागीबाई घरीच. जेल रोडच्या बाजूला त्यांच्या वस्तीत दोन खोल्या होत्या. टॉकीजचे मालक जीवनशेठ ताजनपुरे पुंजारामांच्या ओळखीचे होते. ‘पोरगी घरात बसून काय करते, पाठवून द्या,’ असं एकदा ते म्हणाले आणि ती गेली. नोकरी अशी लागली.

शो सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं खिडकी बंद व्हायची. मग दीपमाला मागच्या दारानं आत जाऊन शेवटच्या रांगेच्या कडेला उभी राहायची. त्यामुळे प्रत्येक पिक्चर तिनं पाहिला, पण सुरुवात सोडून. नायिका गरीब का आहे, नायकाच्या बापाला कोणी मारलं, हे तिला डोअरकीपरला विचारून घ्यावं लागे. पुढे पुढे तिनं विचारणं सोडून दिलं. पिक्चर चांगला असेल तर सुरुवात नसली तरी कळतो, असं तिचं मत झालं.

दुपारी बाराच्या शोला गर्दी असायची ती भाजीवाल्या बायकांची. चेहेडी, पळसे, सामनगाव या बाजूच्या बायका पहाटे मेथी, कोथिंबीर, शेवंतीची फुलं घेऊन बाजारात यायच्या. माल संपला की पाट्या एकात एक घालून टॉकीजवर. त्यांतली चेहेडीची भिमाबाई आठवड्यातून एकदा हमखास यायची. एका मंगळवारी तिनं जाळीला तोंड लावून विचारलं, “कसा हाय गं पिच्चर?”

“खरं सांगू का मावशी?”

“मंग खोटं आयकायला आले का मी?”

“हिरो नाचतो चांगला. इंटरव्हलनंतर एकेक जण मरत जातो. का मरतो ते काही कळत नाही.”

“रडू येतं का?”

“नाही येत.”

“मंग ऱ्हाऊ दे,” भिमाबाई म्हणाली. मागच्या चौघींना घेऊन ती परत फिरली. मुक्तिधाम मंदिराच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी शेंगा खाल्ल्या आणि चेहेडीची गाडी धरली.

तिथून विचारण्याची सवय पडली. दीपमालाही विचारणारी कोण आहे ते पाहून सांगायची. गरोदर बाई असली तर, “यात मारामारी फार आहे ताई, पुढच्या आठवड्यात या.” सुनेला घेऊन आलेली सासू असली तर, “पिक्चर चांगला आहे, पण तुमचं दोघींचं घरी गेल्यावर भांडण होईल.” शाळा बुडवून आलेल्या मुलींना, “गाणी पहिल्या अर्ध्यातच संपतात, मग निघून जा.” मत एकच असायचं. कोणाला त्यातलं किती द्यायचं हे ती ठरवायची. आणि विचारल्याशिवाय ती काही बोलत नसे.

वर्षभरात जीवनशेठच्या लक्षात आलं, की बायकांच्या खुर्च्या एका आठवड्याला गच्च भरतात आणि दुसऱ्या आठवड्याला ओस पडतात, आणि पोस्टरवर कोण आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. मुंबईहून एका बड्या वितरकाचा माणूस आला होता. त्याचा पिक्चर सगळीकडे चालला होता आणि इथल्या दुपारच्या शोला बायका नव्हत्या. त्यानं बोळात उभं राहून खिडकीवरचं बोलणं ऐकलं आणि शेठला जाऊन सांगितलं.

शेठनी दीपमालाला ऑफिसात बोलावलं. ते रागावले नव्हते. चहा मागवला.

“पोरी, मिठाईच्या दुकानात बसून पेढा आंबट आहे म्हणत नाहीत.”

“मी कुठं म्हणते काका? त्याच विचारतात.”

“विचारलं तर सांगायचं, मला माहीत नाही.”

“मी पाहिलेला असतो ना.”

“मग गप्प बसायचं. तिकीट द्यायचं आणि गप्प बसायचं. एवढं जमेल?”

“जमेल,” ती म्हणाली.

आणि तिनं ते पाळलं. पुढच्या मंगळवारी भिमाबाईनं विचारलं, “कसा हाय?” आतून उत्तर नाही. भिमाबाईनं थोडा वेळ वाट पाहिली. “बरं बरं, कळलं,” म्हणाली आणि गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पिक्चर चांगला होता. दीपमाला तेव्हाही काही बोलली नाही, पण बायकांनी विचारायच्या आतच तिनं तिकिटं फाडून ठेवली होती. बायका आत गेल्या.

जीवनशेठनी हे महिनाभर पाहिलं आणि डोक्याला हात लावला. मग खिडकीत त्यांनी आपल्या पुतण्याला बसवलं आणि दीपमालाला ऑफिसात हिशेबनिसाच्या हाताखाली दिलं. तिथं तिचं मन लागलं नाही. १९९६च्या दिवाळीनंतर तिनं काम सोडलं. शेठनी तिला साडी दिली आणि पिक्चर फुकट बघायला कधीही ये म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते आणि ती पुढे जातही असे. आता तिला सुरुवातीपासून पिक्चर पाहायला मिळू लागला.

त्या वेळी नाशिक रोडला गल्लोगल्ली केबल आली होती. महेश अरिंगळे नावाच्या तरुणानं आपल्या घराच्या गच्चीवर डिश लावून आसपासच्या कॉलन्यांत वायरी ओढल्या होत्या. सगळे केबलवाले तेव्हा स्वतःचं एखादं चॅनेल चालवत. त्यावर दिवसा पिक्चर आणि मधे मधे साड्यांच्या दुकानांच्या, क्लासच्या जाहिराती. महेशला त्यात आपलं असं काहीतरी हवं होतं. त्याची आई फुलाबाई वर्षानुवर्षं सुहासिनीत जाणारी. ती म्हणाली, “त्या लेडीज खिडकीवरच्या मुलीला आण. ती गेल्यापासून माझे चार पिक्चर वाया गेले.”

महेशनं तिला शोधून काढलं. गच्चीवरच्या खोलीत निळा पडदा लावला, समोर कॅमेरा ठेवला. दीपमाला आईची नारळी काठाची साडी नेसून आली आणि खुर्चीवर ताठ बसली. “नमस्कार. या सप्ताहात प्रदर्शित झालेला चित्रपट हा एक कौटुंबिक...” इथपर्यंत ती आली आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. महेशनं तीनदा कॅसेट मागे घेतली.

“ताई, खिडकीत सांगायच्या तसं सांगा ना.”

“खिडकीत कोणीतरी विचारायचं. इथं कोण विचारतंय?”

फुलाबाई दारात भाजी निवडत बसली होती. तिथूनच तिनं आवाज दिला, “मी विचारते. कसा आहे पिक्चर?”

दीपमाला आवाजाकडे वळली. “काकू, तुम्ही जाऊ नका. तुमचा बीपी वाढेल. पण महेशदादांना पाठवा, त्यांना आवडेल.” आणि ती बोलत सुटली. महेशनं कॅमेरा बंद केला नाही.

कार्यक्रम ठरला तो असाच. दर शुक्रवारी संध्याकाळी, सातच्या बातम्या संपल्यावर. पडद्यावर दीपमाला, आणि कॅमेऱ्यामागून फुलाबाईचा आवाज. फुलाबाई कधी पडद्यावर आली नाही, पण बाजारात तिनं वांग्याचा भाव विचारला तरी लोक वळून पाहू लागले. ती मधे मधे अडवून विचारायची. “मग त्या बहिणीचं काय झालं?” “नवऱ्यानं परत घेतली का?” “ते गाणं कशाला मधेच?” दीपमाला उत्तर द्यायची आणि कधीकधी उत्तर देताना तिला स्वतःलाच काहीतरी नवं सुचायचं. एकदा फुलाबाईनं विचारलं, “आई मेल्यावर तो एवढा का हसतो?” दीपमाला म्हणाली, “मला वाटलं होतं त्याला अभिनय येत नाही. पण तुम्ही म्हणता तेव्हा वाटतं, तोच खरा आहे. आमच्या वस्तीत एक जण असाच हसला होता.” दोघींचं असं वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. महेशच्या ऑफिसात कार्यक्रमानंतर फोन वाजत राहायचा. अर्धे लोक भांडायला फोन करत.

पुढे कॅसेटीही येऊ लागल्या. दुकानदार स्वतःच आणून देत. सप्तशृंगी गडाची गाणी, खंडोबाची गाणी, लग्नाची गाणी आणि एप्रिलच्या आधी भीमगीतं. दीपमाला टेप आणून गच्चीवर वाजवायची, दोघी ऐकायच्या आणि मग शुक्रवारी त्यावर बोलायच्या.

१९९८ साली दीपमालाला एक स्थळ आलं. मुलगा नवनाथ गांगुर्डे, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे फिटर. दिसायला बरा, व्यसन नाही, आणि गातो. आजूबाजूच्या गावांत जयंतीला त्याला बोलावणी असत. पाहण्याचा कार्यक्रम झाला. नवनाथनं विचारलं, “तुम्ही टीव्हीवर बोलता त्याच ना?” ती हो म्हणाली. “माझी आई बघते,” तो म्हणाला. दोन्ही घरांत पसंती झाली. बोलणी जयंतीनंतर करायची ठरली.

आणि मार्चअखेरीस नवनाथची पहिली कॅसेट निघाली. आठ गाणी, वर त्याचा रंगीत फोटो. तो स्वतः ती महेशच्या ऑफिसात घेऊन आला. “ताईंना द्या. त्यांनी सांगितलं तर चार लोक घेतील.”

दीपमालानं ती ऐकली. संध्याकाळी महेशला म्हणाली, “ही नको घ्यायला.”

“का? बरी नाही?”

“आवाज चांगला आहे. पण चाली सगळ्या पिक्चरच्या आहेत.”

“मग नका घेऊ. कोणाला कळणार आहे?”

“सगळ्यांना माहीत आहे, त्यानं आणून दिली ते. मी बोलले नाही तर लोक काय समजायचं ते समजतील.”

फुलाबाई म्हणाली, “मग बोल. पण जरा सांभाळून बोल गं.”

शुक्रवारी फुलाबाईनं विचारलं, “कशी आहे कॅसेट?” दीपमाला म्हणाली, “आवाज मोकळा आहे. शब्द मनापासून लिहिलेत. पण एकही चाल त्याची नाही. चौथ्या गाण्यात बाबासाहेबांनी महाडला पाणी प्यायल्याचं वर्णन आहे आणि चाल आहे मागच्या वर्षी आलेल्या नाचगाण्याची. शब्द महाडचे, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती नटी गोल गोल फिरते. मी टेप बंद केला. जो माणूस स्वतः शब्द लिहितो त्यानं चाल उसनी का घ्यावी, हे मला कळलं नाही.”

यापेक्षा जास्त ती बोलली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी वस्तीत बोलणं निघालं ते, साळव्यांच्या पोरीनं टीव्हीवर भीमगीताला नावं ठेवली, असं. काही तरुण महेशच्या ऑफिसात येऊन वायरी कापायची भाषा करून गेले. भागीबाई म्हणाली, “जग आहे तसं आहे. तुलाच मेलीला सगळीकडे चव लागते.”

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मंडळाच्या एकानं विषय काढला. दीपमाला तिथंच होती. ती उभी राहिली.

“मी बाबासाहेबांच्या गाण्याला काही म्हटलं नाही. चालीला म्हटलं. त्यांच्या नावाला शोभेल अशी चाल असावी, एवढंच.”

थोडी कुजबुज झाली. तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून बयाबाई उठली. ती विहाराची झाडलोट करायची, वय सत्तरीच्या पुढचं. लोकांना वाटलं ती पोरीला चार शब्द सुनावणार. बयाबाईचा आवाज मात्र साधाच होता.

“पोरी, मला वाचता येत नाय. आमच्या येळच्या बायांना कोणालाच येत नव्हतं. चाल वळखीची असली का शब्द एका दिसात पाठ व्हायचे. मला महाड माहीत झालं ते गाण्यातनंच. ती चाल कोणत्या पिक्चरची ते आम्हाला कुठं ठाऊक होतं? आमच्या डोळ्यासमोर नटी नाय आली. तू पिच्चर लय बघती म्हणून तुझ्या आली.”

लोक हसले. दीपमालाही थोडी हसली. “हे माझ्या ध्यानात नव्हतं आलं,” ती म्हणाली. आणि खाली बसली.

पुढच्या शुक्रवारी तिनं बयाबाईचं म्हणणं जसंच्या तसं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. “त्या म्हणतात ते बरोबर आहे. ऐकणाऱ्याचं बरोबर आहे. पण गाणाऱ्यानं मात्र शोधायला हवं, असं मला अजूनही वाटतं.” वस्तीतला राग त्यानंतर निवला, पण गांगुर्ड्यांकडून निरोप आला, की मुलाला सध्या लग्न करायचं नाही. पुंजारामांनी निरोप ऐकून घेतला. सायकल काढून ते प्रेसच्या ड्यूटीला गेले.

पावसाळ्याच्या तोंडावर नवनाथ स्वतः महेशच्या ऑफिसात आला. दीपमाला तिथं आता तक्रारीचे फोन घेण्याचंही काम करायची. तो समोर उभा राहिला. जय भीम झाला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

“माझ्या घरच्यांनी नकार दिला तो मला विचारून नाही दिला.”

“बरं.”

“मी ते सांगायला आलो नाही. तुम्ही म्हणालात, चाल उसनी का घ्यावी. मग चाल आणू कुठून? मला पेटी वाजवता येत नाही. मला कोणी शिकवलं नाही. मी कामावर जातो, येताना ऐकू येतं ते डोक्यात राहतं.”

“ते मला कुठं माहीत? मी गाते का?”

“म्हणजे नाव ठेवायला येतं आणि सांगायला येत नाही?”

“हो,” ती म्हणाली. “तसंच आहे.”

तिनं वाद घातला असता तर नवनाथची तयारी होती. फोन वाजला, कोणाच्या तरी टीव्हीवर मुंग्या येत होत्या, आणि ती पत्ता विचारून घेऊ लागली. तो निघून गेला.

तो पुन्हा आला तो पुढच्या उन्हाळ्यात. मधल्या काळात त्यानं एकलहऱ्याच्या एका निवृत्त बँडमास्तरकडून पेटी शिकायला सुरुवात केली होती. हातात कॅसेट नव्हती. म्हणाला, एक चाल बसवलीय, ऐका. महेश आणि फुलाबाईसमोर त्यानं टेबलावर बोटं वाजवत ती म्हटली. दीपमाला म्हणाली, “पहिली ओळ तुमची आहे. दुसरी पुन्हा पिक्चरकडे गेली.” तो चिडून गेला आणि महिन्याभरानं दुसरी ओळ बदलून आला. असं बरेचदा झालं. फुलाबाई त्याच्यासाठी पोहे करून ठेवू लागली.

दोन हजार सालच्या एप्रिलमध्ये त्याची दुसरी कॅसेट निघाली. सगळ्या चाली त्याच्या. त्या संथ होत्या, एखाद-दोन अवघडही. दीपमालानं कार्यक्रमात तिची जेवढी स्तुती केली तेवढी आधी कशाचीच केली नव्हती. फुलाबाईनंही केली. कॅसेट अजिबात खपली नाही. जयंतीच्या मंडपांत ती लावली की पोरं दहा मिनिटांत बदलायला लावत. दुकानदारांनी माल परत पाठवला आणि तो नवनाथच्या घरी पलंगाखाली गेला.

त्यानंतर एकदा तो ऑफिसात आला. दीपमाला म्हणाली, “मला वाटलं होतं लोक घेतील.”

“मलाही वाटलं होतं.”

“माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं.”

“ते झालंच,” तो म्हणाला. “पण गाणी चांगली झाली ना?”

“चांगली झाली.”

“लग्न झालं तर घरीही असंच सगळ्याला नावं ठेवणार का तुम्ही?”

“विचारलं तर.”

त्याच वर्षी मार्गशीर्षात विहारात त्यांचं लग्न झालं. बयाबाईनं अंगणात रांगोळी काढली. महेशनं शूटिंग केलं आणि चॅनेलवर दाखवलं.

लग्नानंतरही कार्यक्रम चालूच होता. नवऱ्याच्या गाण्यांवर ती आता पडद्यावर बोलत नसे. फुलाबाईनं एकदा मुद्दाम विचारलं तेव्हा “ते घरी विचारतात काकू,” म्हणून तिनं विषय बदलला. व्हीसीडी आल्या, पिक्चर लागण्याआधीच त्याची चोरटी सीडी बिटको चौकाजवळच्या हातगाड्यांवर मिळू लागली. सुहासिनीतली गर्दी ओसरली. जीवनशेठनी बायकांची खिडकी बंद करून सगळ्यांसाठी एकच खिडकी ठेवली.

२००३ सालच्या हिवाळ्यात फुलाबाई वारली. रात्री जेवून झोपली ती सकाळी उठली नाही. महिनाभर कार्यक्रम बंद राहिला. लोकांचे फोन येत होते, म्हणून महेशनं आपल्या बायकोला, तेजलला, प्रश्न विचारायला बसवलं. तेजल शिकलेली, आवाज गोड. तिनं विचारलं, “दिग्दर्शन कसं आहे?” दीपमालानं काहीतरी उत्तर दिलं. “छायाचित्रण?” तिनं तेही सांगितलं. मग कॅमेरा चालू असतानाच ती म्हणाली, “महेशदादा, राहू द्या.” तेजलला वाईट वाटू नये म्हणून तिनं तिचा हात धरला, पण खुर्चीवरून उठली. त्यानंतर तो कार्यक्रम झाला नाही. पुढच्या वर्षी एका मोठ्या कंपनीनं महेशची सगळी जोडणी विकत घेतली आणि त्याचं चॅनेलही गेलं.

एका दैनिकाच्या नाशिक पुरवणीनं तिला लिहायला बोलावलं. तिथली उपसंपादक मुलगी हुशार होती, दीपमालाचा कार्यक्रम बघत मोठी झालेली. तिनं फार प्रयत्न केले. पण दीपमाला कागद पुढे घेऊन बसली की पुन्हा ‘या सप्ताहात प्रदर्शित झालेला चित्रपट’ असंच यायचं. मुलीनं शेवटी एकदा तिला बोलायला लावून स्वतः लिहून घेतलं आणि खाली किती तारे द्यायचे ते विचारलं. दीपमाला म्हणाली, “कोणासाठी?” तारे सगळ्यांसाठी एकच असतात असं मुलीनं सांगितलं. दोघींनी मिळून तीन दिले. असे पाच-सहा लेख आले आणि मग थांबले. त्यात कोणाचा दोष नव्हता.

दीपमाला-नवनाथला मुलगी झाली. दीपमाला केबल कंपनीच्या काउंटरवर कामाला राहिली. नवनाथला ठेकेदारानं कायम केलं नाही, पण गाण्यामुळे त्याचं बरं चाललं होतं. दोन हजार सालच्या अनुभवानंतर तो शहाणा झाला होता. एका गाण्याला स्वतःची चाल, एकाला ओळखीची, असं तो करू लागला. प्रत्येक गाणं तो आधी बायकोला ऐकवायचा. स्वयंपाक करता करता ती सांगायची. कधी तो ऐकायचा, कधी जेवणाचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा.

२००६ साली एका व्हीसीडी कंपनीनं त्याच्याकडे लग्नाच्या गाण्यांचा संच मागितला. सात गाणी झाली. रविवारी दुपारी मुलीला झोपवून त्यानं ती सगळी तिला ऐकवली.

“चांगली झालीत,” ती म्हणाली. “सहावं काढून टाका.”

“सहावं? का?”

“हळद लागलेली मुलगी असं बोलते का? आणि ते ‘धिनाक धिनाक’ कशाला? शब्द सुचले नाहीत म्हणून घातलंय.”

“शब्द सुचले नाहीत हे खरं आहे,” नवनाथ म्हणाला. “पण गाणं राहू दे.”

“तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं.”

“मी ऐकलं. आता राहू दे.”

ते राहिलं. आणि संच निघाल्यावर दोन महिन्यांत सिन्नरपासून ओझरपर्यंत प्रत्येक वरातीत सहावं गाणं वाजू लागलं. बाकीची सहा कोणी ऐकली की नाही कळायला मार्ग नाही. बँडवाल्यांनी ते बसवलं, रिक्षांत लागलं, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलं त्यावर नाचली. नवनाथला पहिल्यांदाच लोक नावानं ओळखू लागले. दीपमालाच्या काउंटरवर केबलचं बिल भरायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, “ते धिनाकवाले तुमचे मिस्टर ना?”

पुढच्या उन्हाळ्यात पळशाला एका लग्नाला दोघं गेली होती. नवरीकडच्यांनी नवनाथला मुद्दाम बोलावलं होतं. वरात मंडपाजवळ आली तसा बँडनं तेच गाणं धरलं. म्हातारे, पोरं, नवरदेवाच्या मावश्या, सगळे नाचायला लागले. कोणीतरी नवनाथला ओढून मधे नेलं. दीपमाला मुलीला कडेवर घेऊन बायकांमध्ये उभी होती. शेजारच्या बाईनं, नवरीच्या आत्यानं, कौतुकानं तिला विचारलं, “घरात पहिल्यांदा आयकलं तवा कसं वाटलं होतं?”

“मला नव्हतं आवडलं,” दीपमाला म्हणाली. “काढून टाका म्हटलं होतं.”

आत्याबाई हसल्या. “मंग आता आवडतं का?”

दीपमालानं नाचणाऱ्या लोकांकडे पाहिलं. नवनाथ घामानं भिजला होता आणि हसत होता. मुलगी कडेवर टाळ्या वाजवत होती.

“नाही,” ती म्हणाली. “पण त्यांनी माझं ऐकलं नाही, ते बरं केलं.”

आत्याबाईंनी तिला हाताला धरून पंगतीकडे नेलं. वांग्याची भाजी आणि बुंदी होती. दोघी शेजारी बसल्या आणि दीपमालानं मुलीला बुंदीचा पहिला घास भरवला.